अकेयोच्या खोलीचं दार

पर्पेचुआ म्हातारीने अकेयोच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं आणि आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवलं. किसुमूच्या या सरोवराकाठच्या वस्तीत भाडेकरू नकोसा झाला की हीच रीत. भांडायचं नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही, दार काढायचं. बिनदाराच्या खोलीत माणूस टिकणार तरी किती?

पण अकेयो म्हातारीला नकोशी नव्हती. ती नकोशी झाली होती पोलिसांना. बाजारात त्यांनी एका मासळीवाल्याला मरेस्तोवर बडवलं, ते हिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सोमवारी कोर्टात सांगणार होती. म्हणून वस्तीवर सरकारने नेमलेला चीफ ओन्यूका सकाळीच दरडावून गेला, "दुपारच्या आत ती बाई गावाकडे गेली पाहिजे. नाहीतर सगळ्या खोल्यांना टाळं."

अकेयो काही हलली नाही. उघड्या चौकटीत शेगडी मांडून बारकी मासळी तळत बसली.

"भिंत काळी होईल," म्हातारी पुटपुटली.

"होऊ दे मावशी. वारा छान लागतोय. दार काढून उपकारच केलेत."

"टोमणे मारू नकोस. चीफने सांगितलं, माझा काय इलाज?"

"कोर्टाचा कागद आणला त्याने?"

"नाही."

"मग दार कोणी काढलं? त्याने?"

म्हातारीने हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. चीफने दाराला बोटसुद्धा लावलं नव्हतं. उद्या कोणी विचारलंच, तर तो हात झटकून म्हणणार, मालकिणीचा मामला! या भिंतींचा चिखल तिने स्वतःच्या पायांनी तुडवला होता. सरोवराचं पाणी आत शिरलं तेव्हा कुठला चीफ फिरकला होता? बादल्या उपसल्या त्या अकेयोने. म्हातारीच्या अंगाची लाही लाही झाली.

दुपारी ओन्यूका काखोटीला काठी मारून आला. "शाबास आजी! दार निघालं. मग ही अजून इथे कशी?"

"बिजागऱ्या कुरकुरत होत्या. तेल घालायला काढलं."

"तेल घालायला?"

"माझं दार, माझं तेल. तिला काढायचं तर कोर्टाचा हुकूम आण. तोवर खोली तिची. मी मालकीण असून मला काढता येत नाही, तू कोण लागून गेलास?"

शेजारच्या खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

ओन्यूकाचे कान तापले. "उद्या आरोग्य खात्याचा माणूस पाठवतो. तुझा संडासच बंद करायला लावतो."

"पाठव की! माझ्याकडची घाण खड्ड्यात तरी राहते, बाबा. तुमची खाकी घालून बाजारात फिरते."

काठी आपटत तो गेला. फाटकही लावलं नाही.

म्हातारीने दार उचलायला घेतलं, पण ते काही तिला पेलेना. अकेयो उठली. "माझे हात तेलाचे आहेत, मावशी."

"तेच पूस बिजागऱ्यांना. म्हणजे मी खोटं बोलले असं होणार नाही."

दोघींनी दार चौकटीत बसवलं. शेवटचा स्क्रू पिळता पिळता म्हातारी म्हणाली, "सोमवारी सगळं सांग. दाराचंही सांग. कोणी काढायला लावलं ते, आणि कोणी काढलं तेसुद्धा. मी येते बरोबर."