प्रार्थना, रिव्हिजन अकरा

अभिनंदन मगदूम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होता. ओतून आलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, भोक दिसलं की खडूनं फुली मारायची आणि बाजूला ठेवायचा. सहा वर्षं हे केल्यावर माणसाला आयुष्यातही भोकंच दिसायला लागतात. अभिनंदनला एक मोठं दिसलं होतं: त्याच्याकडं स्वतःचं असं काहीच नव्हतं. नोकरी चुलत्याच्या ओळखीनं लागलेली, मोटरसायकल दाजींनी वापरून दिलेली, राहायला सीताबाई आत्तीचं घर, आणि धर्म तर अडीच हजार वर्षं कुणी ना कुणी आधीच वापरलेला.

अशात एक दिवस पॅटर्नसाठी, म्हणजे साचा उठवायच्या नमुन्यासाठी, कुठलं लाकूड चांगलं हे नेटवर शोधताना त्याला ओक लागलं. ओकवरून ड्रुइड लागले. हे म्हणजे युरोपातले जुने पुरोहित, झाडापाण्याला मानणारे. ते कधीच संपले. पण हल्ली काही लोकांनी वेल्सच्या डोंगरात त्यांच्या नावानं नवा मठ काढला होता. मठ म्हणजे इमारत नव्हे. प्रत्येकानं आपापल्या घरी राहायचं, आपापल्या झाडाखाली प्रार्थना करायची आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटायचं. सगळ्यात भारी अट अशी की रोजची प्रार्थना ज्याची त्यानं स्वतः रचायची. उसनी चालणार नाही. ती बदल न करता सलग एकवीस दिवस करायची आणि मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखे होतात त्या सणाला, शपथ घ्यायची. मध्ये काही बदललं की मोजणी परत एकपासून.

उसनी चालणार नाही, हे वाचून अभिनंदनच्या अंगावर काटा आला. त्यानं त्याच दिवशी नाव नोंदवलं.

आता झाड. रुईकर कॉलनीत ओक नाही. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर एक करंज होता, त्यावर भागवलं. मग बसून त्यानं प्रार्थना रचली. फाउंड्रीचा माणूस, त्यामुळं सवयीनं तक्ता केला: वर नाव, खाली क्रम, शेजारी वेळ, कोपऱ्यात 'रिव्हिजन शून्य'. पहाटे सहाला दवात अनवाणी उभं राहायचं. ज्योत लावायची. बुंध्याशी पाणी घालायचं. मधाचा नैवेद्य. झाडाला मिठी. शेवटी स्वतः केलेला श्लोक, ज्यात सूर्य, वारा आणि माती यांच्याकडं अनुक्रमे तेज, वेग आणि धीर मागितलेला होता.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी त्यानं सुरुवात केली. चूक एकच झाली. आत्तीच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या करंजावरच उघडत होती.

"अभ्या, काय करायलाईस?"

"प्रार्थना."

"वाटीत काय हाय?"

"मध."

खिडकीत भांडं पडल्याचा आवाज आला. सीताबाई आत्ती म्हणजे रिटायर्ड शाळामास्तरीण आणि कडक जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, सूर्य मावळल्यावर घास घेत नाही. अशा बाईच्या घरातून, तिच्याच वाटीत, मध बाहेर गेला होता.

"एका थेंबापायी किती जीव मेलं असतील, इचार केलास?"

अभिनंदननं विचार केला. हीच त्याची अडचण होती. एमआयडीसीचा संस्कार असा की आक्षेप कुणीही घेवो, साहेब किंवा झाडूवाला. तो रास्त असेल तर मिटवल्याशिवाय माल पुढं जात नाही. आक्षेप रास्त होता. त्यानं मध खोडला. रिव्हिजन एक. मोजणी एकपासून.

चौथ्या दिवशी पाण्याचा विषय निघाला.

"ते पाणी गाळलंयस?"

"झाडाला घालायचंय आत्ती, प्यायचं न्हाय."

"मग झाडाखालच्या मुंग्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पाणी गाळून घातलं. मग आत्तीनं विचारलं, गाळण्यावर राहिलेले जीव परत कुठं सोडलेस? ते जिथून आले तिथंच सोडायचे असतात. पाणी महापालिकेचं होतं. अभिनंदननं बालिंग्याच्या नदीवरच्या उपसा केंद्राचं अंतर बघितलं, शिफ्टची वेळ बघितली आणि पाणी रद्द केलं.

ज्योतीवर तो पहिल्यांदा भांडला. "तू मंदिरात दिवा लावतीसच की!"

"काचेत लावती. तुझ्या ज्योतीत आत्ता दोन चिलटं गेली. बघ, तिसरं निघालंय."

तिसरं खरंच निघालं होतं.

मिठीचं प्रकरण जानेवारीत आलं. "झाडाला जीव असतोय, ही तर तुझ्या त्या इंग्रजांची पण शिकवण हाय न्हवं?"

"व्हय. म्हणूनच मिठी."

"मग त्याला इचारलंयस? तुला कुणी थंडीचं सहाला, झोपेत असताना मिठी मारली तर चालंल?"

अभिनंदननं आधी मिठीचा स्पर्श केला, मग स्पर्शाचं बोट केलं आणि शेवटी बोटही काढून घेतलं. दवातलं गवत तर कधीच गेलं होतं. त्यावर पाय दिला की काय काय चिरडतं याची यादी ऐकल्यावर त्याला घरात चालायचीही भीती वाटायला लागली. त्या प्लॉटवर निर्जीव अशी एकच जागा होती, ड्रेनेजच्या चेंबरचं सिमेंटचं झाकण. निसर्गाशी एकरूप होण्यासाठी अभिनंदन रोज पहाटे त्यावर उभा राहायला लागला.

झाड बदलून बघितलं नाही असं नाही. एकदा गाडी काढून तो पंचगंगेच्या काठावर गेला, निवांत जागा शोधली, ज्योत पेटवली. कुणी नव्हतं. चिलट आलं. अभिनंदननं स्वतःच फुंकर मारून ज्योत विझवली आणि घरी आला. आक्षेप खिडकीतून येत नव्हता, डोक्यातून येत होता.

फाउंड्रीत आकाराम म्हणून साचे भरणारा मोल्डर होता, त्याला त्यानं हे सांगितलं. आकाराम म्हणाला, "कशाला दाखवायचं मग आत्तीला? माल पास करायचा असला की आम्ही तुझ्यापुढं आणतोय व्हय?" अभिनंदनला यातून दोन गोष्टी कळल्या आणि दुसरीनं तो दिवसभर हादरलेला होता.

वेल्सच्या सिस्टर ब्रॉनवेन त्याच्या मार्गदर्शक. कॉलवर त्यांच्या मागं कायम एक मेंढी दिसायची. त्या शांतपणे म्हणायच्या, "घाई नाही. झाडाचं ऐक." झाड काही बोलत नव्हतं. खिडकी बोलत होती.

उरला श्लोक. त्यावर अभिनंदननं तीन आठवडे घालवले होते. हा मात्र कुणाच्या बापाला खोडता येणार नाही असं त्याला वाटत होतं, कारण शब्दानं काय मरणार? आत्तीनं पूर्ण ऐकून घेतला. चालीचं कौतुकही केलं.

"चांगला हाय. पर सगळं मागणंच हाय की रे. ह्याच्याकडं तेज, त्याच्याकडं धीर. भाजी मंडईत गेल्यागत. देवाकडं काय मागायचं नसतंय अभ्या. गप उभं ऱ्हायचं."

त्यानं श्लोकातलं मागणं काढलं. चार ओळींतली फक्त 'हे' अशी हाक उरली. तीही काढली.

फेब्रुवारी संपता संपता प्रार्थना अशी झाली होती: चेंबरच्या झाकणावर उभं राहणे. शेवटच्या दोन सुधारणा तर आत्तीनं आक्षेप म्हणून नव्हे, मायेनं सुचवलेल्या. हात जोडून खांदे दुखतात, तर खाली मोकळे सोड. आणि पंचेचाळीस मिनिटं कशाला, अठ्ठेचाळीस कर, म्हणजे दोन घटका पुऱ्या होतात. रिव्हिजन अकरा. सणाला बावीस दिवस होते.

त्यात काही खोडण्यासारखं उरलंच नव्हतं, त्यामुळं ती टिकली. सात झाले, चौदा झाले. तो कंटाळला, पाय भरून आले, एकदा कुत्रं येऊन झाकणाचा वास घेऊन गेलं. सिस्टर ब्रॉनवेननी लिहिलं की इतकी साधी, इतकी मूळ प्रार्थना त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेली नाही. अभिनंदननं ते पत्र चार वेळा वाचलं. एवढं सगळं कापून कापून का होईना, आपलं काहीतरी तयार झालं होतं.

एकविसाव्या दिवशी शनिवार होता. सहा अठ्ठेचाळीसला तो झाकणावरून उतरला आणि कुणालातरी सांगावं म्हणून घरात धावला. त्या दिवशी दूध उशिरा आलं होतं, म्हणून आत्तीचं सगळंच मागं पडलं होतं. एरवी या वेळेला ती चहा टाकायची. आज देवाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

आत आत्ती उभी होती. हात खाली मोकळे सोडलेले. नजर नाकाच्या शेंड्यावर. पायाखाली निर्जीव फरशी. हलत नव्हती, बोलत नव्हती, काही मागत नव्हती. शेजारी घड्याळ होतं.

चार वर्षं तो या घरात राहत होता. आत्ती रोज पहाटे सामायिक, म्हणजे दोन घटकांचं जैन ध्यान, करते हे त्याला माहीत होतं. पण ती करते तेव्हा तो अंथरुणात असायचा, आणि आत माळ ओढत असेल असं समजायचा. तो उंबऱ्यातच बसून राहिला. आत्तीच्या दोन घटका पुऱ्या व्हायला पस्तीस मिनिटं होती. तेवढ्यात त्याचा राग नीट शिजला.

"आत्ती! हे तर तुझं सामायिक हाय!"

"मग कुणाचं असणार?"

"मी बाहेर एकवीस दिवस हेच करत होतो!"

"व्हय, बघत होते की खिडकीतनं. चांगलं जमलंतं. तुझ्या बापाला ह्या वयात जमलं न्हाय."

"मला माझं पायजे होतं!"

आत्तीला खरंच समजेना. "मी काय शिकवलं का तुला? तू इचारत गेलास, मी सांगत गेले. खोटं सांगायचं व्हतं?"

हाच तर त्रास होता. एकही आक्षेप खोटा नव्हता.

रविवारी दुपारी कॉल लागला. सिस्टर ब्रॉनवेननी डोक्यावर पानांचा मुकुट घातला होता. मेंढीलाही घातला होता आणि ती तो खात होती. शपथेत एकच प्रश्न असतो. "ही प्रार्थना तुझी स्वतःची आहे?"

हो म्हटलं असतं तर वेल्समध्ये कुणाला कळणार होतं? आत्तीला इंग्रजी कळत होतं, पण ती पापड वाळत घालत होती. अभिनंदननं तोंड उघडलं. सहा वर्षांत त्यानं भोक दिसत असताना एकही भाग पास केलेला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या आत्तीची आहे. ती अठ्ठावीस वर्षं रोज करते."

मेंढीनं मुकुटाचं शेवटचं पान संपवलं. मग सिस्टर हळूच म्हणाल्या की याला धैर्य लागतं, आणि नियमाप्रमाणं तो आता सप्टेंबरच्या सणाला येऊ शकेल, मोजणी एकपासून. आणि जाता जाता, आत्तींना मठात यायला आवडेल का? अठ्ठावीस वर्षांची अखंड साधना असलेली व्यक्ती त्यांच्याकडं एकही नव्हती.

अभिनंदननं गच्चीवर जाऊन निरोप सांगितला.

"त्यांना म्हणावं मी रिकामी न्हाय," आत्ती म्हणाली. "तो पापड उलटा कर."

सोमवारी सहाला त्याला आपोआप जाग आली, याचाही त्याला राग आला. तक्ता न घेता तो करंजाखाली गेला. झाकणावर उभा राहिला, हात खाली सुटले. हे आत्तीचं आहे म्हणून त्यानं ते खिशात घातले. खिशात हात घालून तर बाप उभा राहतो, म्हणून परत काढले. आणि मग तो झाडावर ओरडायला लागला.

"सगळं दुसऱ्याचं! उभं ऱ्हायचं म्हटलं तरी माझं न्हाय! नोकरी चुलत्याची, गाडी दाजीची, तिचं हँडल पण डावीकडं वडतंय, चार वर्षं! आणि तू! तीन महिनं झालं, एक शब्द बोलला न्हाईस! तुला ओक म्हणून घेतलं होतं मी!"

बरंच बाहेर आलं. मेंढीबद्दलही आलं. खिडकी उघडली.

"अभ्या, हा क्रोध हाय रे. क्रोधानं कर्म बांधतंय. चिलटापेक्षा वाईट हे."

अभिनंदन थांबला. आक्षेप रास्त होता. आजवरच्या सगळ्या आक्षेपांत हाच सगळ्यात रास्त होता. त्यानं तो मनात नीट फिरवून बघितला.

"असू दे," तो म्हणाला. "हे ऱ्हाणार."

"काय ऱ्हाणार?"

"वैताग. हा कुणी दिलेला न्हाय मला."

आत्तीनं घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाली, "शिफ्ट चुकंल बघ," आणि आत गेली. पण खिडकी तिनं लावली नाही.

करंजाचं पानही हललं नव्हतं. अभिनंदननं घसा खाकरला आणि म्हणाला, "आणि दुसरं म्हणजे..."