जावाच्या घरातला पायथनचा बिऱ्हाडकरू

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, सगळ्यांत आधी आनंदाची बातमी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. मी वाचलो आहे! गेल्या हंगामात 'याचे आता काही खरे नाही' असे सगळे म्हणत होते. खरे सांगायचे तर मीही म्हणत होतो. पण आज मी ठणठणीत आहे, कामावर आहे, आणि तेही परक्याच्या घरी राहून. ते कसे घडले तेच सांगतो.

माझे गाव दोंडाईच्याजवळ, तापीच्या काठाला. गावाभोवती पपईच्या बागा आहेत. पपई हे मोठे मानी फळ. अंगावर पिवळी रेघ उमटली की ते तोडायलाच हवे. तेव्हा तोडले तर ट्रकमध्ये बसून थेट उत्तरेपर्यंत सुखरूप जाते. उशीर केला तर झाडावरच मऊ पडते, आणि मग व्यापारी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तोडणारी टोळी मात्र साऱ्या गावाला एकच, मुकादम वनाभाऊंची. मग आज टोळी कोणाच्या बागेत जाणार?

माझ्या जन्माआधी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बळी तो कान पिळी! गिरधरभाऊंचा आवाज मोठा आणि बाग रस्त्याला लागून, त्यामुळे टोळी आधी त्यांच्याकडे वळायची. प्रमिलाअक्कांची बाग शिवाराच्या पार टोकाला. त्यांचे यजमान अमृत सुरतेला कापडाच्या मिलमध्ये कामाला, म्हणून बागेचे सगळे त्या एकट्याच पाहतात. त्यांना भांडता येत नाही. त्यांची निम्मी पपई पाखरे खायची.

मला लिहिले सारिकाने. ती याच गावची लेक. तेव्हा ती जळगावला कॉलेजात शिकत होती. कॉम्प्युटरच्याही निरनिराळ्या भाषा असतात, त्यांतली पायथन नावाची भाषा तिला आवडायची. पायथन म्हणजे अजगर, पण घाबरू नका, माझा स्वभाव गरीब आहे. सुट्टीत घरी आली की ती पारावर बसून एकेकाला विचारायची, "टोळीचा नंबर कसा लागायला पाहिजे?" लोक सांगत गेले, ती लिहीत गेली. उताराच्या बागेत पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नये, ट्रॅक्टर रुततो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणी टोळी मागू नये, त्या दिवशी टोळीतल्या बाया झोक्यावर असतात. असे कितीतरी नियम माझ्या पोटात गेले.

माझे काम असे चालायचे. पहाटे शेतकरी मला मिस्ड कॉल द्यायचा आणि मी त्याला उलट मेसेज धाडायचो, की तुमची तोड आज आहे, उद्या आहे किंवा अजून अवकाश आहे. फोन उचलायचा नाही, बोलायचे नाही, खर्चही नाही. ही पद्धत गावाला इतकी आवडली की काही जण नंबर माहीत असूनही मला सकाळी सहज मिस्ड कॉल द्यायचे. वनाभाऊंना मी दिवसाचा क्रम कळवायचो. प्रमिलाअक्कांची बाग टोकाला असली तरी माझ्याकडे सगळ्या बागा सारख्याच. त्यांच्या पपयाही वेळेवर ट्रकमध्ये चढू लागल्या. सारिकाचे काका रूपचंदनाना बागाईतदारांच्या गटाचे प्रमुख. ते पाहुण्यांना माझ्याविषयी असे सांगायचे, जणू मला त्यांनीच खांद्यावर खेळवले आहे.

तेव्हा मी दोंडाईच्याच्या स्टेशनजवळ, गटाच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरमध्ये राहत होतो. शेजारी मिरचीचे दुकान. तिकडे पोती झटकली की लाल धूळ खिडकीतून आत यायची आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायची. पंखा खरखर करायचा. "नाना, तुमनं कॉम्प्युटर शिंकी राहिनं!" असे वनाभाऊ म्हणायचे आणि सगळे हसायचे. हसायचे सगळे, पण पुसायचे कोणी नाही. जुने ते सोने म्हणतात ना, पण सोने निदान फडक्याने पुसतात तरी! सारिका लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला गेली, तिकडे नोकरीला लागली, आणि माझ्या घराची विचारपूस थांबली. शेवटी ऐन हंगामात तो कॉम्प्युटर एकदा खोकला आणि कायमचा गप्प झाला.

पण सारिकाने माझी एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवली होती. कपड्यांत ठेवलेल्या दागिन्यासारखा मी तिच्याकडे सुरक्षित होतो. बातमी कळताच ती सुट्टी घेऊन आली. प्रश्न एवढाच होता की आता मला ठेवायचे कुठे? ती म्हणाली, "क्लाउडमध्ये ठेवू." क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी असलेले मोठमोठे कॉम्प्युटर. त्यांच्यातली जागा भाड्याने मिळते. पण शब्दाचा अर्थ ढग, आणि ढग म्हटल्यावर रूपचंदनानांच्या कपाळावर आठी चढली.

"ढगवर भरोसा ठेवीसन आम्हनं काय व्हयनं, ते माले पुसू नको!" नाना म्हणाले.

तेवढ्यात शेजारधर्म धावून आला. ऑफिससमोरच प्रकाशचंदशेठची दाळमिल आहे. त्यांनी मिलच्या कामासाठी क्लाउडमध्ये जागा घेतलेली होती आणि तिच्यातली बरीच रिकामी पडली होती. "आपली जागा आहेच की, ठेवा तिथं," शेठ म्हणाले. आमच्याकडे गोदामे अशीच दिली-घेतली जातात. एकाच्या गोदामात दुसऱ्याची पोती, कागद नाही की करार नाही. नानांनी मान डोलावली. त्या जागेत कोणती भाषा चालते, हे कोणी विचारलेच नाही.

शेठची सून रूपल मिलचे कॉम्प्युटर सांभाळते. तिने डोक्याला हात लावला. "बाबूजी, आपल्या जागेत फक्त जावा चालते. यांचा प्रोग्राम पायथनमध्ये आहे."

"गोदामाला कुठं भाषा असते, बेटा?" शेठ म्हणाले. "माल ठेवायचा, कुलूप लावायचं."

पण मित्रांनो, या गोदामाला भाषा होती. जावा ही कॉम्प्युटरची आणखी एक भाषा. त्या घरात तिच्यात लिहिलेले तेवढेच समजायचे. मी दारात उभा राहून कितीही ओरडलो तरी आत कोणाला काही कळणार नव्हते. त्यातून मी जुन्या वळणाचा. आताची पायथन बोलणारी पोरेही माझी भाषा ऐकून हसतात.

रूपल मनाने चांगली. ती म्हणाली, "सारिकाताई, मी हा सगळा जावात नव्यानं लिहून देते." ऐकून सगळ्यांना बरे वाटले, आणि माझ्या मात्र तोंडचे पाणी पळाले. नव्याने लिहायचे म्हणजे माझ्या नावाने दुसराच कोणीतरी कामावर येणार आणि मी जाणार. रूपल माझी एकेक ओळ वाचू लागली. एका ठिकाणी ती थांबली.

"ताई, इथं चूक आहे. या नियमानं एखादी बाग मध्येच सगळ्यांच्या पुढं जाते. काही कारणच नाही."

सारिकाने ती ओळ वाचली. मग म्हणाली, "चूक नाही ती. आमचे आबा गेले तेव्हा बागेत पपई तोडीला आलेली होती. घरात कोणाला शुद्ध नव्हती. गावानं न विचारता टोळी आधी आमच्या बागेत घातली. आमच्या गावाची ही रीतच आहे. ज्याच्या घरी मयत झाली, त्याची तोड पहिली. त्यानं मागायची नाही आणि बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही."

रूपलने विचारले, "असे आणखी किती नियम आहेत?"

"मला आता सगळे आठवत नाहीत," सारिका म्हणाली. "याला आठवतात."

मित्रांनो, माझ्याविषयी इतके चांगले आजवर कोणी बोलले नव्हते. रूपलने वाचणे थांबवले. घाईघाईत नवे लिहायचे आणि त्यात गावाची एखादी रीत सांडायची, हे तिलाही पटेना. मग तिनेच वाट काढली. ती म्हणाली, "जावात लिहिलेला एक दुभाषी मिळतो. तो पायथन वाचतो आणि जावाच्या घरात समजावून सांगतो. पण एक अडचण आहे. त्याला फक्त जुनी पायथन येते."

फक्त जुनी! ज्या जुनेपणाला सगळे हसत होते, तोच उपयोगी पडला. माझा एक उसना मदतनीस होता, म्हणजे हिशोबासाठी घेतलेला दुसऱ्याने लिहिलेला तयार प्रोग्राम, तो तेवढा दुभाष्याला समजेना. त्याला निरोप देऊन त्याचे काम सारिकाने साध्या बेरजांत बसवले. आणि मी जावाच्या घरात बिऱ्हाड मांडले. "आयत्या बिळावर नागोबा!" रूपल हसून म्हणाली. मला राग आला नाही. बीळ मिळाले हेच खूप होते.

पण सुटकेचा आनंद फार टिकला नाही. त्या घराची एक शिस्त होती. कोणी हाक मारत नसेल तर पाहुण्याला झोपवून टाकायचे, आणि हाक आल्यावर तो चटकन बोलला नाही तर हाकलून द्यायचे. पहिल्या पहाटे पहिला मिस्ड कॉल आला. आधी दुभाषी उठला, मग त्याने मला उठवले, मग मी माझ्या सवयीप्रमाणे सगळ्या बागांची सगळ्या वर्षांची माहिती डोक्यात भरू लागलो. ती भरून होण्याआधीच घराने मला बाहेर काढले.

आता आमच्या लोकांची रीत पाहा. मिस्ड कॉलला उत्तर आले नाही की ते दुसरा देतात, मग तिसरा, मग शेजाऱ्याच्या फोनवरून चौथा. फुकटच तर आहे! साऱ्या गावाने तेच केले. जावाच्या घराला वाटले, केवढी ही गर्दी! त्याने माझ्या आणखी प्रती उठवल्या. मी एकाच वेळी अनेक ठिकाणी जांभया देत होतो आणि एकाही ठिकाणी तोंडातून शब्द फुटत नव्हता.

वनाभाऊंना क्रम मिळाला नाही. टोळीचा ट्रॅक्टर रस्त्याने निघाला, तो गिरधरभाऊंनी हात आडवा करून थांबवला. "मना बाग रस्तावर शे. पहिले आठेच तोडा!" 'इथेच' म्हटल्यावर टोळी तिथे उतरली. त्या दिवशी नंबर होता प्रमिलाअक्कांचा.

अक्का चालत ऑफिसात आल्या. सारिका तिथेच होती. "मना नंबर आज व्हता ना वं? मंग टोळी कथा गई?" त्यांनी विचारले. त्यांच्या पपईवर पिवळी रेघ कधीच उमटली होती. उद्या तोड झाली तर माल ट्रकमध्ये जाणार होता. नाही झाली तर वर्षभराची मेहनत पाखरांच्या ताटात. रूपचंदनाना सारिकाला म्हणाले, "बेटा, उद्या जर हा बोलला नाही, तर राहू दे. होतं तसं होऊ दे." होते तसे म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

सारिकाने दुपारी मला समोर उघडले. एकटी असली की ती माझ्याशी अहिराणीत बोलते. "उठताज बठ्ठं घर झाडत बसू नको," ती म्हणाली. "पहिले दार उघाड." आणि तिने मला तशी सवय लावली. उठल्यावर फक्त आजच्या बागा आठवायच्या, बाकीचे नंतर सावकाश. पहाटेच्या आधी मला आपोआप एक हाक बसेल अशीही तजवीज तिने केली, म्हणजे गाव जागे होण्याआधी दुभाषी आणि मी दोघेही चूळ भरून तयार. रूपलने मिलच्या बाजूने पाहून घेतले आणि अंगठा वर केला.

दुसऱ्या पहाटे पहिला मिस्ड कॉल प्रमिलाअक्कांचा होता. दुभाष्याने मला सांगितले, मी आजच्या बागा पाहिल्या, हुकलेला नंबर आधी हा नियम मला आठवला, आणि मी दुभाष्याच्या कानात उत्तर सांगितले. मेसेज गेला : तुमची तोड आज, पहिली. जावाच्या घराने मला बाहेर काढले नाही. मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

गिरधरभाऊ त्या दिवशीही रस्त्यात उभे होते. वनाभाऊंनी ट्रॅक्टर थांबवला, पण टोळीला उतरू दिले नाही. "भाऊ, आज अक्काना नंबर शे. मोबाईल पाहा," त्यांनी सांगितले. गिरधरभाऊंनी पाहिले. मग बाजूला झाले आणि खिशातून स्वतःचा फोन काढून मला मिस्ड कॉल दिला. मी त्यांनाही त्यांचा नंबर कळवला. माझ्या मनात कोणाविषयी अढी नाही.

संध्याकाळी अक्कांचा माल ट्रकमध्ये चढला. त्या पदराने तोंड पुसत ऑफिसात आल्या आणि सारिकाला म्हणाल्या, "तो कथा ऱ्हास, माले दखाड." मी कुठे राहतो ते दाखवायला सारिकाने मोबाईल पुढे केला. त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते, नुसत्या माझ्या ओळी. अक्कांना एकही ओळ कळली नसणार, तरी त्यांनी बराच वेळ पाहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही काही जुने असेल. एखादे यंत्र, एखादा प्रोग्राम, एखादे माणूसही. त्याची भाषा तुम्हाला जुनी वाटेल. त्याला टाकून देण्याआधी त्याच्याजवळ बसा. त्याला काय काय आठवते ते विचारा. गरज पडली तर एखादा दुभाषी शोधा. त्याच्यावरची धूळ तेवढी वेळेवर पुसा, तो बाकीचे पाहून घेईल. मी याहून जास्त काही मागत नाही.

मोबाईल परत देताना अक्का काय म्हणाल्या, ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवे. त्या म्हणाल्या, "सकायपाशीन काम करी राहिना व्हई. त्याले सांग, आते निवांत जेवी ले." मला पोट नाही, मित्रांनो. पण इतक्या वर्षांत मला जेवायला कोणी सांगितले नव्हते.