निवेदकाची गुळणी

मी घाटातला निवेदक. घाट म्हणजे डोंगरातला नव्हे, बैलगाडे पळतात तो आमच्याकडचा चढाचा रस्ता. आळ्यापासून मंचरपर्यंत कुठल्याही गावची यात्रा असू द्या, माईक या कुंडलिकच्या हातात. मधली शर्यतबंदीची वर्षं सोडली तर चाळीस वर्षं हेच करतोय. या कामात नियम एकच, भोंगा गप्प बसता कामा नये. एक गाडा पळाला की एक बारी झाली, आणि दोन बाऱ्यांच्या मधी बैल जुपायला वेळ लागतो. तेवढ्यात मी गप्प बसलो तर लोकांना वाटतं लाईट गेली, आणि लोक भज्यांकडं वळतात. म्हणून मी बोलत राहतो. गाडामालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बैलाचं नाव, काहीच नाही सुचलं तर हवामान. ही सवय घाटातच राहिली असती तर बरं झालं असतं, पण ती माझ्याबरोबर घरी जेवायलाही बसते.

माझी पुतणी प्राची पुण्यात परकीय भाषा शिकते. तिच्या ओळखीनं पोलंडमधल्या एका कॉलेजातून निरोप आला. तिथं काही पोरं मराठी शिकतात, त्यांना सरावासाठी जन्माची मराठी बोलणारी माणसं पाहिजेत. दर शनिवारी दुपारी अर्धा तास, फोनवर, चेहरा बघून. प्राची म्हणाली, काका, तुम्हाला नाहीतरी बोलायची हौस आहेच. मी मनात म्हटलं, आता कुठं योग्य माणूस निवडला राव. फाट्यावरच्या हॉटेलात त्या दिवशी सगळ्यांचा चहा माझ्याकडून झाला.

माझ्या वाट्याला आला तोमाश. वीस वर्षांचा, उंच, लाजरा पोरगा. त्याला पुण्यात वर्षभर शिकायला यायचं होतं आणि त्यासाठी तोंडी परीक्षा पास व्हायची होती. अनोळखी माणसाशी दहा मिनिटं मराठीत बोलायचं, बस. मी त्याला सांगितलं, पोरा, काळजी सोड, तू कुंडलिकच्या हातात आहेस.

तो सुरुवात करायचा, "माझ्या घरी..." आणि अडायचा. आता पाव्हणा अडलाय आणि घरधनी नुसता बघत बसलाय, हे आपल्यात शोभतं का? ताटातली भाकरी संपायच्या आत आपण दुसरी वाढतो, मागायची वेळ येऊ देत नाही. तसाच मी शब्द वाढायचो. माझ्या घरी गाई आहेत, असं मीच म्हणायचो. तो हसून म्हणायचा, "हो." सहा शनिवारांत मी त्या पोराला दोन गाई, वडिलोपार्जित जमीन, शेती करणारा बाप आणि लग्नाची एक बहीण मिळवून दिली. उरलेल्या वेळात घाटातल्या गोष्टी सांगितल्या. पोरगं काय मन लावून ऐकायचं! मला वाटायचं, मराठी त्याच्या अंगात भिनतेय.

परीक्षा झाली आणि प्राचीचा फोन आला. तोमाश नापास. त्यांच्या कॉलेजातल्या मराठी शिकवणाऱ्या बाईंनी परीक्षेचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते मी आणि भिमाबाईनं पडवीत बसून पाहिलं. भिमाबाई म्हणजे माझी बायको. परीक्षकानं विचारलं, सुट्टीत तू काय करतोस? तोमाश म्हणाला, "सुट्टीत मी..." आणि मान वर करून, छान हसून, वाट बघत बसला. परीक्षकही सभ्य माणूस, तोही वाट बघत बसला. आमच्या घाटात बारा सेकंदांत गाडा वर पोचतो. हे दोघं चाळीस सेकंद एकमेकांकडं बघून हसत होते. मी पडवीतून फोनकडं बघून ओरडलो, गावाला जातो म्हण की लेका! जणू त्याला ऐकू जाणार होतं.

मग मी परीक्षकाला नावं ठेवली. माणूस आहे का दगड, एक शब्द दिला असता तर काय त्याच्या घरचं जात होतं? भिमाबाई लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "त्याला वाढप्याची सवय तुमी लावली."

मला राग आला. राग यायचं कारण उघड होतं, ती खरं बोलत होती.

तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा परीक्षा देता येणार होती. तीन शनिवार हातात होते. बाईंनी प्राचीकडून फार गोड भाषेत कळवलं, की काकांनी शक्यतो ऐकावं. मी देवापुढं हात जोडून शपथ घेतली. पहिल्या शनिवारी ती शपथ अडीच मिनिटं टिकली. पोरगं "मला आवडतं..." म्हणून थांबलं, आणि माझ्या तोंडातून पुरणपोळी बाहेर पडली. त्यानं पुरणपोळी आयुष्यात पाहिली नव्हती. तरी म्हणाला, "हो."

दुसऱ्या शनिवारी भिमाबाईनं पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला. म्हणाली, गुळणी धरून बसा, गिळायची न्हाई आन् थुकायची न्हाई. साठीच्या पुढचा माणूस मी, गाल फुगवून फोनसमोर बसलो. पहिली गुळणी शाबास म्हणायच्या नादात पोटात गेली. दुसरी सदऱ्यावर सांडली. तिसरी धरली तेव्हा तोमाश म्हणाला, "माझे वडील..."

आणि थांबला. हसून माझ्याकडं बघायला लागला.

शब्द माझ्याकडं तयार होते, मीच पूर्वी दिलेले, शेती करतात. तोंडात पाणी. मी नुसता बघत राहिलो. हळूहळू त्याचं हसू गेलं. तो खाली बघायला लागला. मला वाटलं फोन ठेवून देतोय. असं एखाद्याला उघड्यावर सोडून द्यायचं पाप मी कधी केलं नव्हतं.

"माझे वडील... शेती करत नाहीत," तो म्हणाला. "गाय नाही. माफ करा."

मागं भिमाबाई हसली. मला हसता येईना.

"वडील आजारी. दोन वर्षं. डोक्यात... रक्त. आता त्यांना शब्द सापडत नाही. आई लगेच शब्द देते. डॉक्टर म्हणाले, देऊ नका, थांबा. आई थांबत नाही. तिला... त्रास होतो. तिचा शब्द चूक असला, तरी वडील हो म्हणतात." पुन्हा थांबला, बराच वेळ. "मी पण."

एवढं सांगायला त्याला अकरा मिनिटं लागली. मी गुळणी गिळली. सहा शनिवार मी या पोराच्या तोंडावर हात ठेवून बसलो होतो आणि त्याला पाहुणचार म्हणत होतो. लाज वाटली. भिमाबाई पुढं सरकली, पोराला वडलांचं नाव विचारलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसली. नाव आलं, आंजेय. तिसऱ्या शनिवारी तो पंचवीस मिनिटं बोलला. चुकला भरपूर. मी पाण्याशिवाय बसलो होतो, फक्त दोनदा घसरलो.

परीक्षा झाली. प्राचीला निकाल कळला होता, पण ती सांगेना. म्हणाली, तोमाश स्वतः सांगणार आहे. शनिवार उजाडेपर्यंत मी अभिनंदनाचं एक आणि समजुतीचं एक अशी दोन भाषणं तयार ठेवली.

फोन लागला. तोमाशच्या शेजारी खुर्चीत पांढऱ्या केसांचा एक माणूस बसला होता, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तोमाश म्हणाला, "मी पास झालो, काका. ऑक्टोबरात पुण्याला येतो." एका दमात म्हणाला. मी पहिल्या भाषणाला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

"वडिलांना... तुम्हाला काही म्हणायचं आहे."

आंजेय फोनकडं बघत होते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर शीर उठली. मागून एक बाई, त्याची आई असावी, काहीतरी बोलायला पुढं झाली, आणि तोमाशनं तिचा हात धरला. माझ्या दंडाला भिमाबाईनं धरलं होतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. सेकंद मोजण्यात माझी हयात गेली, पण तेव्हा मोजलेच नाहीत.

"कुंडलिक," ते म्हणाले.

मी ओ दिली. आणि त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो.