गाळलेलं छत

“बाई, खेळ करा का तमाशा करा, पन माह्या मानसाचं नाव त्याच्यात घालू नोका,” मनकर्णा म्हणाली होती. ती माझ्या तान्ह्या पोरीला तेल चोळत होती आणि मी बाजूला बसून ती पोरीचा पाय जास्त तर ओढत नाही ना, यावर डोळा ठेवून होते. “अहो मनकर्णाबाई, टीव्हीवरचं चित्र आहे ते, चार ठिपक्यांचं,” मी हसून म्हणाले. बी.ए. झालेल्या बाईला असं हसता येतं.

हा गेल्या वर्षीचा, शहाऐंशी सालचा प्रकार. बल्लारपूरच्या बाजूची एक कोळशाची खाण. नाव गाळते, गाळायची मलाही आता सवय झाली आहे. माझे मिस्टर गुणवंतराव तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेला नुकताच कॉम्प्युटर आला होता. हेडमास्तरांनी त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि नारळाचं पाणी आत जाईल म्हणून आमचे हे मशीनवर आडवे पडले. तेव्हापासून त्या खोलीत चपला काढून जायचं, आणि शिंक आली तर बाहेर पळायचं.

मग खाणीचा सुरक्षा सप्ताह आला. सुरक्षासाहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. “मास्तर, नागपूरहून मोठे साहेब येणार. त्यांना काहीतरी आधुनिक दाखवू. खाणकामगाराचा व्हिडिओ गेम करा. कामगार धोके टाळत टाळत सुखरूप वर येतो, असा.”

आमच्या ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. पण धोके कुठून आणायचे? हे खाणीत कधी उतरलेले नाहीत. तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या लटारूभाऊंना, म्हणजे मनकर्णाच्या नवऱ्याला, रोज संध्याकाळी चहाला बोलावणं सुरू झालं.

लटारूभाऊंची एक खोड होती. कुठल्याही छपराखाली शिरण्याआधी ते वरती बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. खाणीत पाळीच्या सुरुवातीला सब्बलीने, म्हणजे पहारीने, छत ठोकतात, तीच सवय. आवाज टण्ण आला तर छत भरीव, ढब आला तर पोकळ, माणसाने मागे सरायचं. आमच्या क्वार्टरची चौकट ठोकून म्हणाले, “मास्तर, हे बी पोकर हाय. ठेकेदार कोन होता?”

त्यांनीच सांगितलं, खाणीतल्या सात नंबरच्या गल्लीत, म्हणजे बोगद्यात, छत पोकळ आहे. “साहेबाले तीनदा सांगतलं. साहेब म्हनते, तुह्या कानात मळ हाय.”

ह्यांनी ते सगळं गेममध्ये घातलं. चौकटीच्या कागदावर माणूस मी काढला: टोपी, टोपीवर दिवा, हातात सब्बल. कीबोर्डची खालची लांब पट्टी दाबली की तो छत ठोकायचा. सात नंबरमध्ये ढब असा आवाज यायचा. तरी तिथेच उभं राहून तीनदा ठोकलं, तर छत खाली. माणसाला नाव पाहिजे म्हणून ह्यांनी लटारूच ठेवलं. मलाही गंमत वाटली. वरती वाट बघणारी बायको काढली, तिला नाकात नथसुद्धा दिली.

सुरक्षासाहेब बघायला आले. बुटासकट आले. त्यांना कोण काढायला लावणार?

“हे पाणी काय आहे?”

“सर, खालच्या गल्लीत पाणी शिरतं.”

“नवीन पंप मंजूर झालेत. पाणी काढा.”

पाणी गेलं. मग वायू गेला, कारण जो डोळ्यांना दिसत नाही तो पडद्यावर का दिसावा? दोर तुटून घरंगळणारा कोळशाचा डबा गेला, कारण दोर दुसऱ्या खात्याकडे होता. माझी नथवाली बाई गेली. “खाणीत बायकांना परवानगी नाही.” शेवटी साहेबांनी वर बोट केलं. “आणि हे छत पडतं कसं? आपल्याकडे छत पडत नाही. या रिकाम्या जागेत तीन फुलझाडं घाला. आणि माणूस वर आला की मी त्याला हार घालतोय, असं दाखवा.”

साहेबांचं चित्र काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. पोट बसवणं अवघड गेलं.

आता लटारू बोगद्यातून सरळ चालत जायचा, फुलझाडं बघायचा, हार घालून घ्यायचा. सातवीची पोरं दहा मिनिटं खेळली आणि एक जण म्हणाला, “सर, याच्यात मराची सोयच नाई का?”

पण आमच्या ह्यांना आपलं लिहिलेलं पुसवेना. पाणी, वायू, छत, सगळ्या ओळी त्यांनी आत तशाच ठेवल्या आणि मशीनला फक्त सांगितलं की वरून उडी मारून पुढे जा. जमिनीखालच्या कोळशासारखं होतं ते, वरून नुसतं मैदान दिसतं. एका ठिकाणी मात्र उडी टाकायची राहिली. तीनदा ठोकलं की छताच्या ओळीवर जायची वाट उघडीच होती.

सुरक्षा सप्ताहाला क्लबात मांडव, पेढे, पहिल्या रांगेत सोफे. मी पोरीला कडेवर घेऊन दाराजवळ उभी, कारण गर्दीत आग लागली तर आधी दार. मोठे साहेब खुर्चीत बसले. लटारू चालला, फुलझाडं आली. मोठ्या साहेबांनी जांभई दाबली आणि विचारलं, “ही लांब पट्टी कशासाठी?”

“त्याने काही होत नाही सर,” सुरक्षासाहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांनी दाबली. ढब. पुन्हा दाबली. ढब. तिसऱ्यांदा दाबली आणि फुलझाडांसकट छत खाली आलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: सात नंबर. लटारू वर आला नाही.

अखेर कोणीतरी मेलं म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या.

सुरक्षासाहेबांनी पेढा हातात धरूनच मागे वळून विचारलं, “हा लटारू कोण?”

पुढच्या आठवड्यात लटारूभाऊंची पाळी सात नंबरला लागली. “छताची एवढी माहिती आहे, मग तिथे अनुभवी माणूसच पाहिजे,” सुरक्षासाहेबांनी सांगितलं. आमच्या ह्यांनी साहेबांचे पाय धरले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, “मास्तर, चूक कसली? आपल्याकडे छत पडत नाही.”

मनकर्णा भांडली नाही. पोरीला तेल लावायला आली, तशीच उभी राहिली. “बाई, तुमच्या टीव्हीतल्या लटारूले जीव किती?”

“तीन,” मी म्हणाले.

“माह्यावाल्याले एकच हाय.”

तेल तिथेच ठेवून गेली.

शाळेच्या संस्थेने आमची बदली गडचिरोलीत, एटापल्लीच्याही आत केली. इथे वीजच नाही, म्हणून कॉम्प्युटरची भीती नाही. गेम ज्या टेपच्या कॅसेटवर साठवला होता, तिच्यावर आता बॅटरीच्या टेपरेकॉर्डरने शाळेची प्रार्थना भरली आहे. खाणीत अवेळी भोंगा झाला की अपघात समजून सगळ्या बायका दारात यायच्या. इथे भोंगा ऐकूच येत नाही, वेळेचाही नाही. मनकर्णाला लिहिता येत नाही आणि लटारूभाऊ पत्र लिहिणाऱ्यातले नाहीत. मी मात्र पोरगी निजली की तिच्या पाळण्यावरचं छप्पर ठोकून बघते. कौलारू आहे, त्यातून काही कळत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी बल्लारपूरवरून राजुऱ्याकडे जाणार असेल, तर वाटेत खाणीच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे थांबा. दुपारची पाळी सुटेपर्यंत चहा प्या. सगळ्यांची तोंडं काळी असतात, ओळखू येणार नाहीत, नाव विचारू नका. नावाने एकदा घात झालाय. फक्त बघा, टपरीत शिरण्याआधी वाकून कोणी छपराला बोटाच्या पेराने ठोकतं का. तो लटारू. तो आला का, तेवढं बघा.