आजीला बोलतं करणारी फुमिको

१९९५ साली फुमिको आमच्या मुलुंडच्या घरी राहायला आली. आमच्या कॉलेजात एका सत्रासाठी जपानहून आलेली ती पहिलीच विद्यार्थिनी. तिला हॉस्टेल नको होतं, घर हवं होतं. माझे बाबा, भीमराज, टेलिफोन खात्यात लाइनमन. मुलगी बौद्ध आहे एवढं माझ्याकडून कळल्यावर ते दुसऱ्याच दिवशी कॉलेजात जाऊन होकार देऊन आले. दोन खोल्यांत आई, बाबा, आजी आणि मी. त्यात ती पाचवी.

मराठी ती तिकडेच शिकली होती. पण पुस्तकातलं. "मी स्नान करण्यास जाऊ का?" असं विचारायची. महिनाभरात "वनमाला, सरक ना जरा" म्हणायला लागली.

पहिल्याच संध्याकाळी सुंदराआजीने तिला बुद्धमूर्तीसमोर बसवलं आणि म्हणाली, "म्हण पोरी, तुमच्याकडं कसं म्हंत्यात?"

फुमिकोने हात जोडले. मग म्हणाली, "आजी, मला येत नाही. आम्ही कोणी वारलं तरच देवळात जातो."

आईचा चेहरा पडला. तिने साऱ्या चाळीला सांगून ठेवलं होतं, बुद्धाच्या देशातली मुलगी येतेय म्हणून. फुमिकोला सहज काहीतरी पुटपुटता आलं असतं, आम्हाला काय कळणार होतं? पण ती खोटं बोलली नाही. मला ती त्या क्षणी आवडली.

आजीने मग तिला त्रिशरण शिकवलं. रोज दुपारी आजी तांदूळ निवडायला बसायची, ही कॉलेजातून येऊन शेजारी बसायची आणि प्रश्न विचारायची. मला कधी सुचले नव्हते असे प्रश्न. आजीही सांगायची. मी अभ्यास करत असायचे, अर्धवट कानावर पडायचं.

दसरा जवळ आला. त्या दिवशी आमच्या विहारात धम्मदीक्षेच्या स्मरणाची सभा असते. समितीचे धोंडिराममामा घरी आले. "यंदा प्रमुख वक्ता म्हणून फुमिकोताई. जपानचा धम्म ऐकू द्या लोकांना," ते म्हणाले.

"मामा, मला जास्त माहीत नाही," ती म्हणाली.

"चार शब्द बोला हो. पत्रकं छापली आपण."

तिने आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. पण मी मला हवं ते बोलणार."

सभेला ती आईची पांढरी साडी नेसली होती. विहार गच्च भरला होता. ती माइकसमोर उभी राहिली.

"माझ्या घरात बुद्ध आधीपासून होता," ती म्हणाली. "मला काही सोडावं लागलं नाही. कोणाशी भांडावं लागलं नाही. तुमच्यातल्या ज्यांनी सोडलं, त्यांना धम्म जास्त माहीत आहे. म्हणून माझ्या वेळात सुंदराआजी बोलतील."

धोंडिराममामा चुळबुळले. आजी बायकांमध्ये बसली होती, ती मान हलवून नको नको म्हणू लागली. फुमिको खाली उतरली, माइक घेऊन तिच्यापुढे जमिनीवर बसली. घरी तांदूळ निवडताना बसायची तशीच.

"आजी, दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले तेव्हा भीती वाटली?"

आजीने पदर सावरला. "वाटली की. नदीतनं घरी आले तर पोराला ताप. सासू म्हनली, देवी कोपली, जा, माघारी आन तिला. गाव सगळं दारात. म्या पोराला पाठीशी बांधलं आन तालुक्याच्या दवाखान्यात चालत गेले. वाटंत लई रडले. पन मागं फिरले न्हाई."

"आणि ताप?"

"चौथ्या दिशी उतरला. त्यो काय, तिथं खांबापाशी हुबा हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खांबापाशी माझे बाबा उभे होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. लहानपणी आपल्याला मोठा ताप आला होता एवढंच त्यांनी ऐकलं होतं. ते तसेच गर्दीतून वाट काढत आले आणि आजीच्या पायाशी बसले.

मग मागून चाळीतल्या शेवंताकाकू उठल्या, "माझं पण सांगायचंय" म्हणाल्या. त्यांच्यानंतर आणखी एक म्हातारी. धोंडिराममामांनी अध्यक्षांचं भाषण राहू दिलं आणि स्वतः एकेकीपुढे माइक धरत फिरले. आमच्या विहारात इतकी वर्षं सभा झाल्या, पण बायका बोलल्या त्या पहिल्यांदाच.

घरी येताना मी तिला म्हटलं, "यार, हे सगळं मी रोज घरात ऐकत होते. मला का नाही सुचलं?"

"तुझी आजी आहे ना," ती म्हणाली. "मला ती नवीन होती."

नोव्हेंबरात ती परत गेली. निघताना आजीने तिचा हात धरून विचारलं, "परत येशील का गं?"

दुसरी कोणी असती तर नक्की येईन म्हणाली असती.

"माहीत नाही, आजी," फुमिको म्हणाली, आणि तिला मिठी मारून खूप रडली.