मेणातला डोळा

कळंबजवळच्या बंजारा तांड्यावर त्या सकाळी अख्खी वस्ती खेमसिंग नायकाच्या अंगणात लोटली होती. आठवडाभर बकऱ्या पटापट मेल्या होत्या. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्याला फुटलेले कोवळे कोंब खाऊन मेल्या, असं गुरांचे डॉक्टर सांगून गेले होते. पण डॉक्टरांनी ना धूप जाळला, ना डोळे फिरवले. त्यांचं कोण ऐकणार? म्हणून नायकानं वणीकडून नेत्रनाथबाबांना आणलं.

अंगणाच्या मधोमध बाबांचा काळा पाट. त्यावर मेणाचा पातळ थर, मध्ये एक भोक. पाटाच्या एका बाजूला स्वतः बाबा, समोर बिजलीबाई. एकटी राहणारी, तोंडाची फटकळ म्हातारी. तिला तिथं बसवलं होतं बाबांनीच. बकऱ्या खाणारी डाकण ठरली तर तिनं तांडा सोडायचा, हे नायकानं आधीच जाहीर केलं होतं. तिला 'याडी', म्हणजे आई, म्हणणारी तिची मुलगी ममता यवतमाळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती पहिल्या एसटीनं धावत आली होती.

"देवी आँख खोलेगी! जिसने बकरी खाई, उसी को देखेगी!" बाबा गरजले आणि निखाऱ्यात लाल केलेला खिळा त्यांनी भोकात घातला.

मेण वितळू लागलं. गोल नाही, लांबट, थेट डोळ्यासारखं. डोळ्याचा कोपरा बिजलीबाईकडे होता.

"म्या म्हणलं नव्हतं?" असं म्हणणारे एकदम पुष्कळ झाले. कालपर्यंत बिजलीबाईकडून विरजण नेणाऱ्या जमनाबाईनं नातवाला पदराखाली घेतलं. ममताला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप. तिनं पर्समधली पट्टी काढून डोळ्याची लांबी-रुंदी मोजली.

"बाबा, डोळ्याले दोन कोपरे असतात. एक माह्या याडीकडं हाय. दुसरा कोणाकडं हाय?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. दुसरा कोपरा बाबांच्या पोटाकडे होता. कोणीतरी फिसकन हसलं.

"वो... वो पूँछ है!" बाबा म्हणाले. डोळ्याला शेपूट असते, हे तांड्याला त्या दिवशी कळलं.

"नायक काका, पाट थंडा होऊ द्या. मंग आडवा फिरवून पुन्हा खिळा घालू. देवी पाहून राह्यली असन, तर ती तरीबी माह्या याडीकडंच पाहीन."

"देव का पाट हिलाते नहीं!" बाबा किंचाळले. हाच पाट वणीपासून गाडीच्या डिक्कीत, स्टेपनीखाली आदळत आला होता.

नायकानं मिशीवरून हात फिरवला. "फिरव."

मेणबत्ती वितळवून पाटावर पुन्हा मेण फासलं, लाल केलेला खिळा घातला. डोळा उघडला, तसाच लांबट. यावेळी त्याचा कोपरा बाजूला बसलेल्या नायकाकडे होता. नायकाला तिथल्या तिथं विज्ञानाची गोडी लागली. "पोरी, हे कसं काय होऊन राह्यलं? नीट सांग सगळ्याइले!"

ममतानं पुन्हा पट्टी लावली. लांबी रुंदीच्या जवळपास दीडपट, दोन्ही वेळा तेवढीच. मग तिनं विळ्यानं पाटाचा काळा रंग खरवडला. खाली सागवानाच्या सरळ रेषा निघाल्या, डोळ्याच्याच दिशेनं गेलेल्या.

"लाकूड फोडता तवा कुऱ्हाड रेषेनं सरकते, आडवी अडते ना? उष्णतेचंबी तसंच. रेषेच्या दिशेनं झपाट्यानं जाते, आडवी हळू जाते. म्हणून मेण लांबट वितळते. बाबानं रेषा झाकल्या अन् पाट पाहिजे तसा ठेवला."

नायकाच्या अंगणातल्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरही तिनं मेण फासून तापवलेला खिळा ठोकला. तिथं सगळ्या रेषा उभ्या, आत जाणाऱ्या. डाग गोल उमटला, कोणाकडेच न पाहणारा.

बाबा हळूच गाडीकडे सरकत होते. पोरांनी त्यांना धरून बसवलं आणि नायकानं पोलिसांना फोन लावला, जणू बाबांना दुसऱ्याच कोणी बोलावलं होतं.

"देव माना नाहीतर नका मानू," ममता म्हणाली, "पण कोणी बाईकडं बोट दाखवलं, तं आधी विचारा, तपासा. डोकं आपलं हाय, ते बाबाले कायले देता?"

जमनाबाई पुढे आली. "माफ कर वं बिजली. पाटानं दाखवलं, म्हणून वाटलं..."

बिजलीबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"पाट लाकडाचा होता, जमना. त्याले काय समजते? तू तं माणूस होती."