मोटरसायकलचा शॉक

पुर्वादीने शॉकच्या टोकाला असलेल्या बुशच्या आतून पुन्हा एकदा कानस फिरवली, फुंकर मारली आणि बोल्ट घालून पाहिला. बोल्ट अर्ध्यात अडकला.

"किती वाजले?"

"मघाशी विचारलंत, त्याला पाच मिनिटं झाली," त्याची बायको विनार्सिह म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली होती. अंगात परदेशी कामाला धाडणाऱ्या एजन्सीचा निळा शर्ट, पायाशी एकच बॅग. दुपारी एकला पोनोरोगोच्या स्टँडवरून सुराबायाची बस होती. सुराबायाहून पुढे विमानाने तैवान, कुणा आजारी म्हातारीची देखभाल करायला, तीन वर्षांसाठी. रडारड नको म्हणून लेकीला तिने पहाटेच आजीकडे धाडलं होतं.

अंगणात पायदानाखाली विटा रचून स्कूटर उभी केली होती. तिच्या मागच्या शॉक अॅब्सॉर्बरमधलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. प्रत्येक खड्ड्याला मागे बसणाऱ्याच्या माकडहाडावर दणका बसायचा, आणि बाळंतपणापासून विनार्सिहची कंबर धड नव्हती. भंगारातल्या मोटरसायकलचा एक चांगला शॉक पुर्वादीला काल मिळाला. तो जुन्यापेक्षा दोन बोटं लांब होता आणि त्याचं भोकही वेगळ्या मापाचं. तरी तो आज सकाळी उठून हेच घेऊन बसला होता.

शेजारचा वेल्डर जुमेरी कॉफीचा पेला घेऊन कुंपणापाशी आला.

"म्हातारीला तरण्या पोराची तंगडी लावतोस होय रे? चालेल का ती?"

"चालेल."

"भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला हाक मारली असतीस तर एव्हाना पोचली असती बिचारी."

पुर्वादीने मान वर केली नाही. जुमेरीने एकदा त्याच्याकडे, एकदा विनार्सिहकडे पाहिलं आणि पेल्यातला गाळ झाडाच्या बुंध्याशी ओतून तो निघून गेला.

शेवटी बोल्ट बसला, तर स्प्रिंग टायरला घासू लागली. पुर्वादीने सगळं परत खोललं. डब्यात वायसर शोधायला लागला. एक काढायचा, उजेडात धरायचा, परत टाकायचा. दुसरा काढायचा. तोही परत टाकायचा.

विनार्सिह उठली. त्याच्याशेजारी गुडघे टेकून तिने डब्यातून दोन जाड वायसर काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"हे घाला. मी चाक उचलून धरते."

"शर्ट खराब होईल."

"होऊ दे. घाला तुम्ही."

तिने दोन्ही हातांनी चाक वर उचललं. भोकं समोरासमोर आली आणि बोल्ट सरळ आत गेला. पुर्वादीने नट आवळला. घट्ट झाला तरी आवळतच राहिला. तिने त्याच्या हातातून पाना काढून घेतला.

तिच्या बाहीला ग्रीस लागलं होतं. त्याने फडक्याने पुसलं, तर डाग आणखी पसरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथे कोण बघतंय."

स्कूटर मागून चांगलीच उंच झाली होती.

"आता तुमच्या डोक्यावरून रस्ता दिसतोय मला," मागे बसत ती म्हणाली.

गावाबाहेर उसाच्या शेताजवळ एक मोठा खड्डा होता. एरवी तो वळसा घालायचा. आज त्याने चाक मुद्दाम त्यातूनच नेलं. स्कूटरचं मागचं अंग अलगद खाली गेलं आणि तसंच वर आलं.

"लागलं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही हो. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं."

त्याने आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही. तिचं डोकं त्याच्या पाठीला टेकलं होतं. चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती कूस बदलत राहायची ते त्याला सगळं ऐकू यायचं. त्याने वेग कमी केला. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे गेले.

स्टँडवर बस उभी होती. एजन्सीचा माणूस हातात कागद घेऊन नावं पुकारत होता. निळ्या शर्टातल्या बायका एकेक करून चढत होत्या. एक वाजायला दहा मिनिटं होती.

पुर्वादीचा पाय ब्रेकवर गेला. ब्रेक मात्र दाबला गेला नाही. स्टँडचं फाटक मागे पडलं. औषधाचं दुकान गेलं, मशीद गेली, फळवाल्यांची रांग गेली. स्टँडच्या भिंतीला लागून तो डावीकडे वळला, पुन्हा डावीकडे. पाठीवरचं डोकं हललं नाही. श्वास संथ होता. कोपरा संपला आणि तेच फाटक परत समोर आलं.

"एक फेरी झाली हो," पाठीशी आवाज आला. झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हता तो.

त्याने ब्रेक दाबला. स्कूटर फाटकासमोर थांबायला आली.

तिने त्याच्या पोटाभोवतीचे हात आणखी आवळले.

"अजून एक मारा," ती म्हणाली. "मग थांबा."